मनगटावरचा डाईव्ह कंपास: एक आख्खा सीझन वापरून झाल्यावर

पावसाळ्यानंतर सीझन उघडला तेव्हा घेतलेला, आता मे संपत आलाय आणि मालवणचं डायव्हिंग बंद व्हायला आलंय, म्हणजे लिहायला हरकत नाही. साधा ॲनालॉग आहे (पाण्याखाली दिशा बघायचं होकायंत्र), तेल भरलेला, मनगटाला बांधायचा. बॅटरी नाही, ब्लूटूथ नाही, काय नाही.

कुणी घेऊ नये ते आधी. तारकर्लीला जाऊन इन्स्ट्रक्टरचा हात धरून वीस मिनिटं मासे बघायचे असतील तर पैसे घालवू नका, तिथं दिशा बघायचं काम त्या भावाचं असतं. पण ओपन वॉटर (डायव्हिंगचा पहिला कोर्स) झालंय, बडीबरोबर (पाण्यातल्या जोडीदाराबरोबर) १८ मीटरपर्यंत आपलं आपण फिरायचंय, किंवा पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा पुढचा ॲडव्हान्स्ड कोर्स करायचाय (त्यात डीप आणि नेव्हिगेशन या दोन डाईव्ह सक्तीच्या, बाकी तीन आपल्या आवडीच्या), तर घ्याच.

घरचे विचारतात मोबाईलात जीपीएस असताना हे कशाला. अहो खाऱ्या पाण्यात तो सिग्नल काही सेंटीमीटरसुद्धा धड आत येत नाही. कानाचाही उपयोग नाही, पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं येतो, दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच आदळतो, मग बोटीचं इंजिन नक्की कुठल्या बाजूला हे कळतच नाही. त्यात पाणी गढूळ असलं की चार-पाच मीटरपुढं नुसतं हिरवं.

आता साताऱ्यात समुद्र कुठनं आणायचा, म्हणून सराव कोरड्यावर. पहाटे शाहू स्टेडियमला डोक्यावरनं टॉवेल घ्यायचा, नजर फक्त कंपासवर, ३० पावलं सरळ, मग ९० अंश वळायचं, परत ३०, असं चारदा, आणि निघालो तिथं ठेवलेली चप्पल सापडते का बघायचं. वॉकिंगवाले एक काका थांबून म्हणाले, "पोरा, काय उतरवून घेतोयस का?" पण याच सरावात लोखंडी जाळीपाशी आणि गाड्यांच्या पार्किंगपाशी सुई कशी वाकते ते दिसलं, आणि तेच पाण्यात उपयोगी पडलं. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचा त्रास नाही, पण माझ्या टॉर्चच्या स्विचमधे चुंबक आहे, तो कंपासच्या हातात धरला की सुई खुळ्यागत फिरते. टॉर्च आता कायम दुसऱ्या हातात.

वापर सोपाय. उतरायच्या आधीच बोटीवरनं जायच्या दिशेला तोंड करून बेझल (काचेभोवतीची फिरणारी कडी) लावून घ्यायचा. खाली मधली रेघ अंगाच्या सरळ रेषेत ठेवायची, सुई बेझलवरच्या दोन खुणांच्या मधे ठेवायची, एवढंच. परतीला १८० मिळवायचे, आकडा १८० च्या वर असेल तर तेवढेच वजा करायचे. सतत काचेत बघत पोहू नका मात्र, दिशेतला एखादा खडक हेरायचा, तिथं जायचं, मग पुढचा. तेवढ्या वेळात डेप्थ आणि सिलिंडरमधली हवा बडीनं बघायची, आधी ठरवून. मालवणला किनारा पूर्वेला, त्यामुळं सगळं डोक्यातनं गेलं तरी ९० च्या आसपास धरलं की जमिनीकडंच जाताय. नेत्राणीला हे चालत नाही, ते बेट आहे, कुठल्या बाजूला उतरलाय त्यावर सगळं.

कंपासला करंट (पाण्याची ओढ) कळत नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. तोंड बरोबर २७० ला असतं आणि आपण गुपचूप आडवे सरकत असतो, सुई बिचारी बरोबरच दाखवतेय. माझा बडी सांगलीचा, आयर्विन पुलाखाली कृष्णेत पोहून वाढलेला, त्याला ओढ अंगालाच कळते. तो पाण्यात तरंगणारे कण कुठं चाललेत ते बघतो, वाळूवरच्या रेघा बघतो (त्या बहुतेक किनाऱ्याला समांतर असतात), आणि सुरुवात नेहमी करंटच्या विरुद्ध, म्हणजे दमल्यावर परतीला पाणीच ढकलतं. अंतरही कंपास सांगत नाही, त्यासाठी ३० मीटर दोरी टाकून आपल्या पायाच्या किती किकमधे ती संपते ते मोजून ठेवावं लागतं. हे दोन्ही येत नसेल तर माझ्या मते महागातला महाग कंपाससुद्धा निम्माच कामाचा.

बडीच्या डाईव्ह कॉम्प्युटरात (खोली आणि वेळ दाखवणारं पाण्याखालचं यंत्र) डिजिटल कंपास आहे. बेअरिंग (जायची दिशा) लॉक होतं ते भारी, पण कॅलिब्रेशनचा व्याप, बॅटरी कमी झाली की टेन्शन. मला ॲनालॉगच बरा वाटतो.

तक्रारी. हात जरा तिरका झाला की सुई अडकते, याच्यापेक्षा जास्त तिरकं चालणारे कंपास मिळतात, थोडे पैसे जास्त घाला. उत्तर गोलार्धासाठी बॅलन्स केलेला आहे, ऑस्ट्रेलियाचं स्वप्न असेल तर विचारून घ्या. महाबळेश्वरला नेला तेव्हा तेलात बारीक बुडबुडा दिसला, खाली आल्यावर गेला, उंचीवर हवेचा दाब कमी असल्यानं होतं तसं.

सगळ्यात बेकार त्याचा रबरी पट्टा. खोल गेलं की वेटसूट (पाण्यात घालायचा रबरी सूट) दाबला जाऊन पातळ होतो, पट्टा सैल पडतो आणि कंपास फिरून मनगटाच्या खाली जातो. तो काढून टाकला आणि बंजी कॉर्ड (ताणणारी दोरी) ओवली, ती आपोआप आवळत जाते. घेणार असाल तर कॉर्ड ओवायला भोकं आहेत का तेवढं दुकानातच बघा.