लेसर की डोळ्यात बसवायचे भिंग? कोरड्या डोळ्यांच्या माणसाने केलेली तुलना

चष्मा घालवायचा हे ठरते, तपासण्या होतात आणि डॉक्टर सांगतात की तुमच्या बाबतीत लेसरही चालेल आणि आयसीएल, म्हणजे डोळ्यात बसवायचे भिंगही चालेल. खरी अडचण तेथून सुरू होते. ज्यांचा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक थर, पातळ आहे किंवा ज्यांचा नंबर फारच मोठा आहे, त्यांच्यासाठी निवड आधीच झालेली असते. माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर मायनस ६.५ आणि डाव्याचा मायनस ७ होता, कॉर्नियाची जाडी ५३० मायक्रॉनच्या आसपास होती आणि नागपुरातल्या धंतोलीत ज्यांच्याकडे मी तपासून घेतले त्यांनी दोन्ही दारे उघडी असल्याचे सांगितले. मी अखेर भिंग बसवून घेतले. त्यामुळे पुढील मजकूर त्या बाजूला किंचित झुकलेला असेल, हे वाचकाने गृहीत धरावे.

जाडीचा हिशेब थोडक्यात सांगतो, कारण तो पुष्कळांना कागदावर मांडून दाखवला जात नाही. सहा मिलिमीटर व्यासाच्या क्षेत्रासाठी दर एका नंबरामागे ढोबळमानाने १२ ते १५ मायक्रॉन कॉर्निया लेसरने झिजवावा लागतो आणि त्याआधी कापून बाजूला उचलला जाणारा वरचा पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, सुमारे ११० मायक्रॉनचा असतो. खाली किमान २५० मायक्रॉनचा थर शिल्लक राहावा असा जुना दंडक आहे, पण सावध शल्यचिकित्सक ३०० धरून चालतात. मायनस ७ साठी कमीत कमी ८४ मायक्रॉन गेले तरी माझ्याकडे ३३६ उरत होते, म्हणजे जाडीच्या कारणावरून लेसर नाकारण्याची वेळ माझ्यावर आली नव्हती. हाच हिशेब मायनस ९ आणि ५०० मायक्रॉनवर करून पाहिला, तर उत्तर सीमारेषेच्या अगदी जवळ येते, आणि तशा माणसाने हा लेख पुढे वाचला नाही तरी चालेल.

माझा निर्णय झाला तो डोळ्यांच्या कोरडेपणावर. फ्लॅप कापताना कॉर्नियातील बारीक चेतातंतू तुटतात. डोळा कोरडा पडल्याची खबर मेंदूपर्यंत नेणारे तंतू हेच असल्यामुळे पापण्यांची उघडझाप मंदावते, अश्रूही कमी पाझरतात आणि डोळा आतून चुरचुरत राहतो. बहुतेकांच्या बाबतीत हे तंतू काही महिन्यांत, फार तर वर्षभरात पुन्हा वाढतात आणि तक्रार निवळते. प्रश्न उरतो तो ज्यांचा डोळा शस्त्रक्रियेच्या आधीच कोरडा आहे त्यांचा, आणि मी त्यांच्यापैकी होतो. शिर्मर चाचणीत खालच्या पापणीच्या आत टिपकागदाची अरुंद पट्टी अडकवतात आणि पाच मिनिटे डोळे मिटून बसायला सांगतात. पट्टी १० मिलिमीटरपेक्षा अधिक भिजली तर काळजी नसते, ५ च्या आत थांबली तर कोरडेपणा उघड असतो. माझ्या दोन्ही पट्ट्या या दोहोंच्या मध्ये कोठेतरी थांबल्या, आणि तेही डिसेंबरात.

मे महिन्यातले नागपूर ज्याने अंगावर घेतले आहे, त्याला डिसेंबरातल्या पट्टीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, दुपारच्या हवेत ओलावा नावालाच उरतो आणि नवतपा लागला की दुचाकीवरून जाताना तोंडाला दुपट्टा बांधलेला असला तरी उघड्या राहिलेल्या डोळ्यांना झळा लागतातच. कार्यालयात एसी, घरी कूलर. कूलरची हवा ओलसर असते खरी, पण तिचा झोत थेट तोंडावर आला की अश्रूंचा थर टिकत नाही. या दिवसांत माझी कॉन्टॅक्ट लेन्स दुपारपर्यंत डोळ्याला अशी चिकटून बसे, की संध्याकाळी ती काढताना बुबुळावरून साल सोलल्यासारखे वाटे. ज्या कोरडेपणामुळे लेन्स सुटली, त्यातच भर टाकणारा पर्याय विकत घ्यावा, हे मनाला पटेना.

माझ्या धाकट्या बहिणीने लेसर करून घेतले आहे. तिची दृष्टी उत्तम आहे आणि तिला निर्णयाचा पश्चात्तापही झालेला नाही, हे मुद्दाम नोंदवतो. मात्र कृत्रिम अश्रूंची बाटली तिच्या पर्समध्ये कायम असते. उन्हाळ्यात ती स्कूटरच्या डिकीत ठेवण्याची सोय नाही, कारण तापलेल्या डिकीत औषध खराब होते. पाहुणे म्हणून कोणाकडे गेलो तर ती आधी कूलरचे तोंड कोणीकडे आहे ते पाहते आणि मग बसते. एका माणसाच्या अनुभवावरून नियम बांधता येत नाही. तिला जे होते ते तुम्हाला होईलच असे नाही, आणि तिचे डोळे आधीपासून कसे होते हेही कोणी मोजून ठेवलेले नव्हते. तरीही घरात रोज दिसणाऱ्या गोष्टीचे वजन माझ्यावर पडले, हे लपवण्यात अर्थ नाही.

लेसरच्या बाजूने बोलायचे तर स्माइल या लेसरच्याच एका पद्धतीत फ्लॅप नसतो. २ ते ४ मिलिमीटरच्या छेदातून कॉर्नियाची आतील पातळ चकती बाहेर काढली जाते, त्यामुळे वरचे तंतू तुलनेने कमी तुटतात आणि कोरडेपणाही सामान्यतः कमी राहतो. माझ्या पट्ट्या थोड्या अधिक भिजल्या असत्या, तर कदाचित मी तिकडे वळलो असतो. ज्यांचा नंबर तीन-चारच्या आत आहे आणि डोळे ओलसर आहेत, त्यांनी माझ्या मार्गाने जाण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

आता भिंगाची दुसरी बाजू. ही डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया आहे आणि या एका वाक्यापाशी थोडे थांबले पाहिजे. सुमारे ३ मिलिमीटरच्या छेदातून कोलामर नावाच्या पदार्थाचे मऊ, घडी केलेले भिंग आत सोडतात आणि ते बुबुळाच्या मागे, नैसर्गिक भिंगाच्या पुढे उलगडून बसते. आतल्या भागात संसर्ग होणे क्वचित घडते, पण घडले तर ते लेसरनंतरच्या तक्रारींपेक्षा फार गंभीर असते. शिवाय सगळा खेळ मापाचा आहे. हे भिंग १२.१, १२.६, १३.२ आणि १३.७ मिलिमीटर अशा चारच लांबींत मिळते. माप लहान पडले तर ते नैसर्गिक भिंगाला टेकून मोतीबिंदू होऊ शकतो. मोठे पडले तर बुबुळ पुढे ढकलले जाऊन डोळ्यातला दाब वाढू शकतो. बसवलेले भिंग आणि नैसर्गिक भिंग यांमधील अंतराला व्हॉल्ट म्हणतात आणि शस्त्रक्रियेनंतर तुमचे डॉक्टर सर्वांत आधी तेच पाहतील. म्हणून यंत्र कोणते यापेक्षा माप कोण घेते, एकाच पद्धतीने घेते की दोन पद्धतींनी पडताळते, हे विचारावे. डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली साधारण ३ मिलिमीटर नसेल तर हा पर्याय बादच होतो.

पूर्वी दाब वाढू नये म्हणून बुबुळाला लेसरने बारीक भोके पाडावी लागत. ज्याला ईव्हीओ म्हणतात त्या नव्या प्रकारात भिंगाच्या मध्यावरच ०.३६ मिलिमीटरचे छिद्र असते आणि डोळ्यातले पाणी त्यातून वाहते. अमेरिकेत जुन्या प्रकाराला २००५ मध्ये आणि या प्रकाराला २०२२ मध्ये मान्यता मिळाली; युरोपात आणि आपल्याकडे तो त्याआधीपासून वापरात आहे. या छिद्राची किंमत मी रात्री मोजतो. वर्धा मार्गावरच्या उड्डाणपुलावर समोरून पांढऱ्या एलईडी दिव्यांची गाडी आली, की दिव्याभोवती एक बारीक, पूर्ण गोल कडे उमटते. सुरुवातीला ते खटकत असे, आता लक्ष दिले तरच जाणवते. रात्रभर वाहन चालवणाऱ्या माणसाने मात्र माझ्या सवयीवर विसंबू नये. अर्थात प्रकाशाचे वलय लेसरनंतरही काहींना दिसते.

भिंग काढता येते, हा त्याच्या बाजूचा सर्वांत जास्त सांगितला जाणारा गुण. मला तो तरुण वयात फारसा उपयोगाचा वाटत नाही, कारण सहज म्हणून कोणी ते काढायला जात नाही. त्याचा खरा फायदा साठीत कळतो. लेसरने कॉर्नियाचा आकार बदललेला असल्यामुळे पुढे मोतीबिंदूच्या वेळी कृत्रिम भिंगाचा नंबर काढणे अवघड होते आणि पातळ झालेल्या कॉर्नियावर डोळ्याचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. ज्यांच्या घरात काचबिंदू आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे. भिंगवाल्याचे भिंग काढले की कॉर्निया जवळपास पूर्वीचाच हाती येतो. चाळिशी मात्र दोघांनाही चुकत नाही. मोठ्या नंबरामुळे लांबलेला डोळा आणि ताणलेला पडदा दोन्ही शस्त्रक्रियांनंतर तसाच राहतो, त्यामुळे बाहुली मोठी करून पडदा तपासून घेण्याचे काम दरवर्षी करावेच लागते. माझ्या यादीत त्या तपासणीसोबत व्हॉल्ट आणि कॉर्नियाच्या आतल्या पेशींची मोजणीही असते; लेसरवाल्यांची यादी एवढी लांब नसते.

खर्चाच्या बाबतीत लेसर निर्विवाद सरस आहे. मला सांगितलेल्या रकमांत भिंगाचा आकडा लेसरच्या दुपटीच्याही पुढे होता, आणि सिलिंड्रिकल नंबर असेल तर टोरिक भिंग मागवून त्याची वाट पाहावी लागते ती वेगळीच. विम्याचे म्हणाल, तर आपल्याकडील आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत ७.५ डायऑप्टरपेक्षा कमी दृष्टिदोषाच्या उपचारांचा खर्च वगळलेला असतो. माझे दोन्ही नंबर त्या रेषेच्या अलीकडे पडल्यामुळे संपूर्ण रक्कम मला खिशातून भरावी लागली. तुमचा नंबर त्यापलीकडे असेल, तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी विमा कंपनीकडून लेखी मंजुरी मागवावी आणि तीत भिंगाची किंमत धरली आहे की केवळ शस्त्रक्रियेची, हे स्पष्ट करून घ्यावे.