घरच्या रेडिओ मेल सर्व्हरचे आठ महिने आणि तो नालायक ऑटो गेन

हा रिव्ह्यू लिहिणार नव्हतो, पण मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीत जेसीबीने पाइपलाइनसाठी खोदताना फायबर तोडली, दोन दिवस नेट नाही, आणि तरी घरच्या वायफायवर मेल येत होता तो फक्त माझ्या या डबड्यात, म्हणजे नेटशिवाय, रेडिओवरून मेल घेणाऱ्या सर्व्हरमध्ये. (मोबाइलचं नेट होतं, मान्य आहे, उगाच शायनिंग मारत नाही.)

सेटअप नेहमीचाच. रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा कॉम्प्युटर), डायरवुल्फ (रेडिओच्या आवाजाचा डेटा करणारं सॉफ्टवेअर), त्यावर लिनबीपीक्यू (मेल सांभाळणारं सॉफ्टवेअर), जुना चिनी हँडी (हातातला वायरलेस सेट), गच्चीवर तांब्याच्या पाइपचा पाच फुटी जे-पोल अँटेना, २ मीटरचा बँड, वेग १२०० बॉड. इकडे सांगलीत मी, तिकडे मिरजेत एक काका, ते माझ्यापेक्षा वीस वर्षं जुने हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. परवाना दोघांकडे आहे, तो नसेल तर या भानगडीत पडूच नका. बीपीक्यूचा मेल सर्व्हर पीओपी३ (मेल ॲपने मेल उचलायची नेहमीची पद्धत) देतो त्यामुळे रेडिओवरून आलेला मेल फोनच्या साध्या मेल ॲपमध्ये दिसतो, हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी रात्री साडेबाराला बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "बरं."

आता मुख्य दुखणं. सेट आणि पाय जोडणारा तयार इंटरफेस बाहेरून मागवायचा तर कस्टम धरून काही हजार जातात, म्हणून मी २२० रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड घेतलं. आत सीएम१०८ चिप निघाली, तिच्या १३ नंबर पिनवरून केसाएवढी वायर काढून पीटीटीचा (सेटला ट्रान्समिट करायला लावणारा) ट्रान्झिस्टर चालवला, दोनदा शेजारच्या पिनला चिकटली पण झालं. या कार्डात ऑटो गेन कंट्रोल नावाची, आत येणारा आवाज आपोआप कमीजास्त करणारी, एक गोष्ट असते आणि ती बाय डिफॉल्ट चालू असते. बोलण्यासाठी ठीक असेल, पॅकेटसाठी (मेलचे जे तुकडे आवाजाच्या रूपात रेडिओवर जातात ते) विष आहे. चॅनल शांत असला की ती गेन वाढवत नेते, मग पॅकेट आलं की सुरुवातीलाच आवाज फाटतो आणि ती भानावर येईपर्यंत पॅकेट संपलेलं असतं. अल्सामिक्सर (लिनक्समधला आवाजाच्या सेटिंगचा प्रोग्रॅम) उघडायचा, एफ६ ने कार्ड निवडायचं, एफ५ ने सगळं दाखवायचं, ऑटो गेनवर जाऊन एम दाबायचं. त्यानंतर डायरवुल्फची ऑडिओ लेव्हल ५० च्या आसपास आणली आणि काकांचं दर दुसरं पॅकेट जे वाया जात होतं ते एकदम सगळंच यायला लागलं.

मग लाइट गेली. आल्यावर काकांचा फोन, "अरे दहा वेळा हाक मारली, तुझं स्टेशन ढिम्म." परत ऑटो गेन चालू! बंद केला. चार दिवसांनी परत लाइट, परत तेच. तीन महिने मी त्या कार्डाला शिव्या घातल्या, इथे एक स्टार द्यायचा हे तेव्हाच ठरलं होतं.

पण आता मत बदलतोय, कारण चूक कार्डाची नव्हती, माझीच होती. मिक्सरच्या सेटिंग लिनक्स आपणहून सेव्ह करतो तो नीट शटडाऊन होताना, आणि मी पाय कधी शटडाऊन करतच नव्हतो, सरळ भिंतीवरचं बटण बंद, नाहीतर लाइटच जायची. अल्सासीटीएल स्टोअर ही सेटिंग सेव्ह करणारी एक कमांड सुडो (ॲडमिनचे अधिकार) लावून एकदा मारली असती तर तीन महिने वाचले असते. याच बटणाच्या सवयीने पाचव्या महिन्यात एसडी कार्डही गेलं, काकांचे सगळे जुने मेल गेले. नवीन एसडी कार्ड टाकलं, सगळं परत बसवलं, आणि ऑटो गेन? अर्थात चालू.

चार्जरचं वेगळंच. दुकानदाराने ३ अँपिअरचा म्हणून दिला, पाय मात्र ०x५०००५ हा कोड दाखवायचा, म्हणजे व्होल्टेज आत्ता कमी आहे आणि आधीही झालं होतं. परत घेऊन गेलो तर म्हणतो, "मोबाइल चार्ज होतो की नाही? मग चांगलाय." पंधरा मिनिटं हुज्जत घातली, पैसे नाही मिळाले. आता चांगला ॲडॉप्टर, तोही इन्व्हर्टरवर, आणि आकडा ०x० आहे, म्हणजे तक्रार नाही.

हँडीवाल्यांनी दोन गोष्टी कराव्यात: मेनू ० मध्ये स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) शून्य, मेनू ३ मधला बॅटरी सेव्ह बंद, नाहीतर पॅकेटचं डोकंच कापलं जातं. व्हॉक्सच्या (आवाज आला की सेटने आपोआप ट्रान्समिट करण्याच्या सोयीच्या) नादी लागू नका.

वेगाबद्दल तक्रार करणाऱ्यांसाठी: १२०० बॉडला १०० केबीचा फोटो कागदावरच अकरा मिनिटांवर जातो, प्रत्यक्षात अर्धा तास धरा, आणि तेवढा वेळ सेट तापतो आणि हॉलमध्ये किर्रर्र चालू राहतं. चार ओळी लिहा, मिनिटात जातात. आणि कूटभाषेत काही पाठवायला परवानगी नाही, सगळं उघडं, ज्याच्याकडे सेट आहे तो वाचू शकतो, त्यामुळे काकांचे मेल फार सभ्य असतात.

फायबर तुटली त्या रात्रीचा त्यांचा मेल असा होता: "कृष्णा कोरडी, नेट कोरडं, तुझा सिग्नल मात्र फुल. जेवलास का?" २०१९ च्या पुरात हे असतं तर, असं मनात आलंच.

साडेतीन स्टार. उरलेला दीड चार्जरवाल्याच्या नावावर.