छिऊ जिनचं घर, शाओशिंग: केछियाओला कापड बघायला गेलात तर अर्धा दिवस काढा

इचलकरंजी-भिवंडीहून चीनमधल्या केछियाओच्या कापड बाजारात जाणारे आपल्याकडे काही कमी नाहीत. पण केछियाओ ज्या शाओशिंग शहरात मोडतं, त्याचा जुना भाग बघून आलेलं मला अजून कुणी भेटलेलं नाही. मीही दोन खेपा बाजार ते हॉटेल आणि हॉटेल ते बाजार एवढंच केलं. त्यातल्या एका खेपेला एका टूरवाल्याने एका चौकात दहा मिनिटं उतरवलं, खांबासमोर फोटो काढायला लावले आणि पुढे रेशमाच्या दुकानात नेऊन बसवलं. खांब कुणाचा, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, हे कबूल.

या खेपेला शेड जुळेना म्हणून लॅब डिप (रंगवून दाखवलेला कापडाचा तुकडा) परत पाठवलं आणि एक दिवस मोकळा सापडला. आमची दुभाषी मुलगी म्हणाली, "मॅडम, आज आमच्या छिऊ जिनचं घर बघा." छिऊ जिन म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीची इथली क्रांतिकारक बाई. गेलो.

घर ताशान टेकडीच्या पायथ्याशी, ह-छांग-थांग नावाच्या गल्लीत आहे. पांढऱ्या भिंती, काळी कौलं, एकामागे एक चौक. आत शिरलं की आपल्या वाड्याची आठवण येतेच, फक्त इथलं लाकूड जास्त काळपट आणि उंबरे भलतेच उंच. साडी नेसून जाऊ नका. हे छिऊ जिनचं माहेर. तिच्या झोपायच्या खोलीत पलंग, टेबल आणि मागच्या भिंतीत एक चोरकप्पा आहे. कागदपत्रं आणि हत्यारं तिथे दडवायची, असं सांगतात. त्या फटीपाशी मी बराच वेळ उभी राहिले. मागचे लोक कुरकुरायला लागले तेव्हा हलले.

पाट्या वाचायला फोनमधलं भाषांतराचं ॲप काढलं. "छिऊ" म्हणजे शरद ऋतू, ते तिचं आडनाव आहे हे ॲपला कुठून कळणार? पहिलंच वाक्य आलं, "शरद ऋतूने नवऱ्याचं घर सोडलं." पुढे "शरद ऋतूला अटक झाली." मी खो खो हसले. दुभाषी मुलगी हसली नाही. मग तिनेच बाजारातल्या हिंदीत सगळं सांगितलं, आणि ॲप बंद करून ठेवलं ते बरं झालं.

लग्न 1896 मध्ये, हुनान प्रांतातल्या पैसेवाल्या घरात. दोन मुलं. नवऱ्याबरोबर पेकिंगला गेली, तिथे डोळे उघडले. लहानपणी बांधलेले पाय सोडले, दागिने विकले आणि 1904 मध्ये शिकायला जपान गाठलं. मुलं मागे ठेवली. मी इथे अडकले. माझी लेक नववीत आहे आणि मी दहा दिवसांसाठी आले तरी रोज रात्री फोनवर तिचा वेगळा सूर ऐकते. दुभाषीला म्हटलं, मुलांचं काय झालं? म्हणाली, मुलगी पुढे अमेरिकेत जाऊन विमानविद्या शिकली. हे ऐकून बरं वाटलं की वाईट, ते मला अजून सांगता येत नाही.

फोटो मात्र नीट बघा. धंद्याची सवय, माझं लक्ष आधी कपड्याकडे जातं. एका फोटोत किमोनो, हातात उपसलेला खंजीर. दुसऱ्यात पुरुषाचा पाश्चात्य सूट आणि टोपी. सूट अंगावर सैल आहे, पण उभं राहणं असं की मापाचाच वाटावा. 1905 मध्ये ती, तेव्हा चीनवर राज्य करणारी मांचू राजवट उलथवायला निघालेल्या गुप्त संघटनांमध्ये शिरली. परत आल्यावर 1907 च्या सुरुवातीला शांघायमध्ये बायकांसाठी मासिक काढलं. दोनच अंक निघाले. मग याच गावातली दातोंग शाळा हाती घेतली. वरून व्यायामशिक्षक तयार करायचे, आतून बंडाची कवायत.

त्या वर्षी 6 जुलैला तिचा साथीदार श्यू शीलिनने आनछिंग शहरात आनह्वे प्रांताच्या गव्हर्नरला गोळ्या घातल्या आणि धागा इथपर्यंत आला. तिला पळायला वेळ होता. बाकीच्यांना पांगवलं, स्वतः शाळेतच थांबली. 13 जुलैला शिपाई आले, 15 ला पहाटे भर चौकात शिरच्छेद. तिशी नुकती ओलांडलेली.

तो चौक म्हणजे शुआनथिंगखौ. टूरवाल्याने मला उतरवलं होतं तोच. घरापासून चालत वीस-पंचवीस मिनिटं लागली, वाटेत तळलेल्या कुजक्या टोफूचा वास नाकात बसला तो संध्याकाळपर्यंत गेला नाही. घर आधी आणि चौक नंतर, असंच करा. उलटं केलंत तर माझ्यासारखा नुसता खांबाचा फोटो हाती येईल.

पाचापैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो ॲपचा, घराचा नव्हे. दुभाषी घेऊनच जा, पासपोर्ट जवळ ठेवा. पुढे वेळ असेल तर हांगचौला सरोवराकाठी तिची समाधी आहे. मैत्रिणींनी तिथे पुरलं, सरकारने उखडायला लावलं, मग कित्येकदा जागा बदलून 1981 मध्ये परत तिथेच आणली. मला जमलं नाही, लॅब डिप आलं होतं.

चौकात रिमझिम होती. तिच्या नावावर सांगतात ती शेवटची ओळ दुभाषीने मला तिथे म्हणून दाखवली: शरदाचा पाऊस, शरदाचा वारा, जीव कासावीस करतात. मी म्हटलं, अगं पण जुलैत कुठला शरद? ती म्हणाली, "मॅडम, नाव तिचं." मग सांगितलं की याच गावच्या लू शुन या लेखकाने 1919 मध्ये एका कथेत तिच्यावर बेतलेल्या क्रांतिकारकाला आडनाव दिलं ते "उन्हाळा". ॲप उघडून खात्री करायला गेले, तर चार्जिंग संपलेलं.