फिल्टरची 'फुल सर्विस' करून आमचे मासे मारणारा मेंटेनन्सवाला

ज्यांच्या घरी दर महिन्याला माणूस येऊन फिशटँक साफ करून जातो त्यांनी हे नक्की वाचा. आमच्याकडे जो यायचा त्याने आम्हाला बरेच महिने व्यवस्थित गंडवलं, आणि कामचुकारपणा करून नाही बरं का, उलट तो इतकं घासूनपुसून साफ करायचा की घरातले सगळे म्हणायचे माणूस कामाला चोख आहे. मेख तिथेच होती.

आला की कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर) उघडायचा, स्पंज, सिरॅमिक रिंग्स, फ्लॉस (कापसासारखा गाळणीचा थर) सगळं बाहेर काढायचा आणि डायरेक्ट नळाच्या धारेखाली पांढरंफेक होईस्तोवर धुवायचा, कधी कधी सोबतच्या बाटलीतलं काहीतरी टाकायचा ज्याला सरळसरळ ब्लिचचा वास यायचा, आणि वर टँकमधलं जवळजवळ सगळं पाणी त्याच दिवशी बदलून टाकायचा. गेला की टँक एकदम चकाचक. मग दोनतीन दिवसात पाणी दुधाळ, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, कल्ले लालसर दिसतायत. फोन केला की ठरलेलं उत्तर, "ताई इन्फेक्शन झालंय, तुमच्याकडचं पाणीच तसलंय". मग औषधाची बाटली घ्या, मग पाणी क्लिअर करायचं लिक्विड घ्या, मग बॅक्टेरियाची बाटली घ्या, आणि तरी मासे मेलेच तर नवीन मासे, तेही त्याच्याकडूनच!

आता यातली गोम समजून घ्या. माशांची घाण आणि उरलेलं खाणं यातून पाण्यात अमोनिया तयार होतो, तो माशांना विष आहे. फिल्टरमधले एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात (तेही विषारीच), दुसरे त्याचं नायट्रेट करतात, जे बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे बॅक्टेरिया पाण्यात फारसे नसतातच, ते स्पंजला आणि रिंग्सला चिकटून बसलेले असतात, त्या तपकिरी बुळबुळीत थरात, जो बघून आपल्याला शी वाटतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं, ब्लिचचं तर विचारायलाच नको. आणि हा सगळा कारभार शून्यापासून परत उभा राहायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणजे हिशोब बघा, जरा कुठे बसतंय तोवर महिना भरतो आणि हा पठ्ठ्या पुन्हा दारात हजर. ते दुधाळ पाणी म्हणजे इन्फेक्शन नव्हतंच, फिल्टरचा समतोल बिघडला की पाण्यात दुसरेच बॅक्टेरिया भराभर वाढतात त्याने तसं दिसतं, बऱ्याचदा काही न टाकता आपोआप जातं.

त्याला हे माहीत नसेल असं म्हणणारे भेटले मला. मीही मानलं असतं, पण मग रिंग्सचं काय? दर थोड्या महिन्यांनी "रिंग्स एक्स्पायर झाल्या" म्हणून नवीन टाकायच्या आणि जुन्या "मी फेकतो" म्हणून घेऊन जायच्या. सिरॅमिक रिंग्स वर्षानुवर्षं चालतात, चुरा व्हायला लागला किंवा छिद्रं पार बुजली तरच बदलायच्या. आणि एकदा त्याने आणलेल्या 'नवीन' रिंग्स, साध्या पिशवीतल्या, कंपनीचं नाव गाव काही नाही, त्यातल्या एका रिंगमध्ये गोगलगायीचा बारका शंख अडकलेला निघाला. आमच्या टँकमध्ये गोगलगाय कधीच नव्हती. म्हणजे कोणाच्या तरी घरच्या 'एक्स्पायर' रिंग्स धुऊन आमच्याकडे आणि आमच्या तिसऱ्याच कोणाकडे. दुसऱ्या टँकमधला रोग असा घरात आला तर कळणार पण नाही.

मोटरचं तेच. घरघर आवाज आला, फ्लो कमी झाला, "मोटर जळाली ताई". नवीन बसवली, जुनी घेऊन गेला. पुढे तोच आवाज परत आला तेव्हा मीच उघडून बघितलं. इम्पेलर, म्हणजे ती चुंबकाची छोटी पंखी, ओढली की बाहेर येते, तिला शेवाळ आणि एक बारीक खडा गुंडाळलेला होता. जुन्या टूथब्रशने घासली, लावली, चालू! अहो जळालेली मोटर परत चालू होते का? आणि पंखीचा दांडा तुटला तरी बहुतेक फिल्टरला नुसता इम्पेलर वेगळा मिळतो.

शेवटी मासे पाळणाऱ्या एका मैत्रिणीने तिचं थेंबवालं टेस्ट किट आणलं. सर्विसच्या आधी अमोनियाची नळी पिवळी, म्हणजे ठीक. सर्विसनंतर दोन दिवसांनी हिरवीगार. त्याला दाखवलं तर म्हणे टेस्ट किट वगैरे फॅड आहे, कार्बन टाका अमोनिया शोषून घेईल. साधा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन वास, रंग, औषधं काढतो, अमोनिया नाही, आणि काही आठवड्यात तो भरून निकामी होतो. तिथेच त्याला बंद केलं.

आता आम्हीच करतो, फार वेळ लागत नाही. टँकमधलं थोडं पाणी बादलीत काढायचं आणि त्यातच स्पंज पिळायचा, रिंग्स फक्त हलकेच खळबळून घ्यायच्या, सगळं एकाच दिवशी साफ करायचं नाही. फ्लो कमी झाला की करायचं, कॅलेंडर बघून नाही. फ्लॉस बिनधास्त फेका. कॅनिस्टर असेल तर झाकणाच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर गळतो आणि मग "बॉडी क्रॅक आहे" ऐकायला मिळतं. माणूस ठेवायचाच असेल तर उभं राहून बघा, तो नळाकडे वळला की थांबवा, आणि काढलेली प्रत्येक वस्तू घरातच ठेवून घ्या, नेऊ देऊ नका. यावर तो कुरकुर करायला लागला तर समजून जा.

आणि ज्यांच्याकडे नुकतीच अशी 'फुल सर्विस' होऊन गेलीय त्यांनी औषधं टाकू नका, काही अँटिबायोटिक्स उरलेसुरले बॅक्टेरियाही मारतात. एकदोन दिवस खाणं बंद, नंतर अगदी चिमूटभर, एअर पंप चालू ठेवा, अमोनिया दिसतोय तोवर रोज २५ ते ३० टक्के पाणी बदला आणि नवीन पाण्यात डिक्लोरिनेटर (क्लोरीन घालवणारं लिक्विड) टाकाच, कारण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असतं आणि ते नुसतं रात्रभर ठेवून उडत नाही. ओळखीत कोणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला मळका स्पंजाचा तुकडा मागून आणा, ओलाच आणा, आणि तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा, त्या बाटल्यांपेक्षा हे कितीतरी खात्रीचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईस्तोवर नवीन मासा आणू नका, कोणी कितीही स्वस्तात देतो म्हणाला तरी.