2027च्या गमतीदार भाकितांचे पत्ते : डबा घ्या, पण पेन आणि चिकटपट्टी आपली वापरा

डिसेंबर लागला की नाशिकच्या मेनरोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानांत वर्षअखेरीच्या पार्टीचे खेळ दिसू लागतात. भाकितांच्या पत्त्यांचा हा मराठी डबा त्यातलाच, किंमत साडेतीनशे रुपये. आत 54 पत्ते (48 छापील, 6 कोरे), गुणपत्रकांचं पॅड आणि आठ पाकिटं. प्रत्येक छापील पत्त्यावर 2027मधल्या सिनेमा, क्रिकेट, गाणी, रील्स नाहीतर मालिकांबद्दल एक भाकीत.

चार ते आठ जण खेळू शकतात. प्रत्येकाला पाच पत्ते. पत्ता मोठ्यानं वाचायचा आणि ‘होईल’ की ‘होणार नाही’ ते ठरवून गुण लावायचे. पाचही पत्त्यांना मिळून गुण दहाच, त्यामुळे एकावर सहा लावले की बाकीच्यांना चारच उरतात. गुणपत्रक पाकिटात बंद करायचं, ते 2027च्या 31 डिसेंबरला उघडायचं. आठ जणांत पाऊण तास सहज जातो. तिघांत खेळ रंगत नाही, कारण वाद घालायला माणसं कमी पडतात, आणि या खेळाचा जीव वादातच आहे.

या डब्याचं मोल पत्त्यांवरच्या मजकुरावर ठरतं आणि तिथे तो अर्धाच उतरतो. उत्तम पत्ता कसा असतो ते कुंभमेळ्याच्या या पत्त्यात बघा : ‘2 ऑगस्टला, पहिल्या अमृतस्नानाच्या दिवशी, घरच्या ग्रुपवर रामकुंडाचा एकच ड्रोन व्हिडिओ पाच जण पाठवतील.’ तारीख आहे, आकडा आहे, निकाल मोबाइल उघडून लागतो. आणि प्रत्येकाला आपल्या ग्रुपमधले ते पाच जण आत्ताच दिसतात. क्रिकेटचाही एक झकास आहे : ‘ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या वर्ल्डकपमध्ये पाऊस आला की एक काका डकवर्थ-लुईस समजावतील आणि लक्ष्य चुकीचं सांगतील.’ स्पर्धा दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात आहे, म्हणजे सामने आपल्याकडे दुपारी-संध्याकाळी. काका घरात असणारच.

याउलट ‘मराठी सिनेमाला सोन्याचे दिवस येतील’ हा पत्ता बाद. वर्षाअखेरीस निकाल कोण देणार? असे मोघम पत्ते बारा-तेरा आहेत. खेळण्याआधीच वेगळे काढा. बाकी पस्तीसेक पत्ते सात जणांना पुरतात. आठवा असेल तर कोऱ्यांवर भर घाला. ऑस्करच्या पत्त्यावर ‘14 मार्चच्या रात्री जागून’ असं छापलंय. सोहळा 14 तारखेला खरा, पण लॉस एंजेलिसच्या वेळेनुसार. आपल्याकडे तेव्हा सोमवार, 15 मार्चची पहाट असते. तारीख खोडून लिहा, नाहीतर गुणांवरून भांडण ठरलेलं.

कोऱ्या पत्त्यांवर दोन्ही बाजूंनी चकचकीत लॅमिनेशन आहे. जेल पेनची शाई त्यावर वाळत नाही, बोट लागलं की फराटा. बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर वापरा आणि मिनिटभर थांबा. पाकिटांचा गोंद कच्चा आहे. पावसाळ्यात दमट हवेनं सुटतो. झाकणावर चिकटपट्टी लावून त्यावर सगळ्यांनी मार्करनं सही करा. पाकिटं देवघराच्या कपाटात ठेवा, माळ्यावर नको.

सहा कोरे पत्ते कमीच आहेत. रंगपंचमीची रहाड (रंगाच्या पाण्यानं भरलेला हौद), मिसळीच्या रील्स, कालिदास कलामंदिरातले प्रयोग हे विषय डब्यात नाहीतच, ते आपणच लिहायला हवेत. जास्त पत्ते हवे असतील तर डिजिटल प्रेसमधून छापून घ्या. अडीच बाय साडेतीन इंचाचा पत्ता चारही बाजूंना 3 मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई) धरून, आडवा मांडला तर 12 बाय 18 इंचाच्या शीटवर 18 बसतात. कागद जाड, 300 जीएसएमचा, लॅमिनेशन मॅट आणि फक्त मागच्या बाजूला, म्हणजे पुढे साध्या पेननंही लिहिता येतं. मागच्या बाजूला चौकट टाकू नका. पुढची-मागची छपाई मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकते आणि चौकट असली की ते लगेच डोळ्यात भरतं.

फाइल वर्डमध्ये देऊ नका. प्रेसच्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसला तर ‘दुसऱ्या’मधला ऱ्या आणि जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फाइलमध्येच घातलेली, पीडीएफ न्या आणि पहिलं शीट वाचल्याशिवाय पुढची छापू देऊ नका. महिनाअखेरीस कॅलेंडरांची गर्दी असते, तेव्हा 20 डिसेंबरच्या आत जा.