नाकाच्या ऑपरेशननंतरचा गार शेक: बर्फ, जेल पॅक की मटार?

नाकाचं हाड सरळ करून घ्यायचं ठरलं असेल, तर डोळ्यांभोवती काळंनिळं होणार हे डॉक्टरांनी सांगितलंच असेल. हाड कापून बसवताना सुटलेलं रक्त पापणीखालच्या सैल, पातळ कातडीत साचतं. माझे डोळे तिसऱ्या दिवशी सगळ्यात काळे दिसले, मग हिरवट, मग पिवळे. दोन आठवड्यांत साफ. पहिले ४८ तास गार शेक द्यायला सांगितला होता. कशाने द्यायचा, हे मात्र मी तिन्ही वापरूनच ठरवलं.

बर्फाला खर्च नाही आणि गारवाही चांगला. पण माझं ऑपरेशन मे महिन्यातलं, घर अमळनेरचं, पारा ४३च्या वर. फडक्यात बांधलेला बर्फ पाच मिनिटांत ओघळायला लागायचा. पहिल्याच संध्याकाळी ते पाणी नाकावरच्या पट्टीखाली शिरलं आणि डाव्या बाजूची चिकटपट्टी वळून वर आली. प्लास्टर हललं तर हाडही हलेल, या धास्तीने ती रात्र मी जागून काढली. सकाळी डॉक्टरांनी बघितलं, काही बिघडलं नव्हतं, नवी पट्टी लावून दिली. पण बर्फावरून माझं मन उडालं ते उडालंच.

मेडिकलमधला चष्म्यासारखा जेल पॅक ओघळत नाही, हा मोठा गुण. फक्त त्याचा मधला भाग नेमका नाकाच्या दांडीवर येतो, आणि ओझं तिथे अजिबात नको असतं. दोन सुटे छोटे पॅक मिळाले तर गोष्ट वेगळी, ते मी वापरलेले नाहीत.

मटार सुचले आईला. "बरफ कसाले, मटार शेतस ना घरमा," म्हणाली. जानेवारीत स्वस्त असताना सोलून फ्रीजरमध्ये टाकलेले होतेच. तिने मूठ-मूठ दाणे चार लहान पिशव्यांत सैल भरले आणि ते पुन्हा भाजीत जाऊ नयेत म्हणून तोंडाला लाल दोरा बांधला. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळलेली पिशवी गालाच्या हाडावर ठेवली की दाणे सरकून बरोबर खोबणीत बसायचे, नाकाला धक्का नाही. दोन पिशव्या डोळ्यांखाली, दोन फ्रीजरमध्ये. दहा-पंधरा मिनिटं शेक, मग तासभर विश्रांती. उघड्या कातडीवर थेट मात्र ठेवू नका. ऑपरेशननंतर तिथे बधिरपणा असतो, गारठा बाधला तरी कळत नाही.

थंडीत ऑपरेशन असेल तर बर्फानेही भागेल कदाचित. माझ्यापुरतं विचाराल तर शेकापेक्षाही डोकं उंच ठेवायला घेतलेल्या तीन उशांचा गुण जास्त आला. दुसऱ्या रात्री झोपेत उशांवरून खाली घसरलो, तर सकाळी डोळे उघडेनात. अंगदुखीची गोळीही मनाने घेऊ नका. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनने रक्त जास्त सुटू शकतं. आणि एकच डोळा अचानक टणक सुजला, दिसायला अंधुक झालं किंवा रक्त थांबेना, तर शेक बाजूला ठेवून त्याच क्षणी डॉक्टरांना गाठा.

तारीख उन्हाळ्यातली मिळाली असेल, तर आदल्या दिवशीच चार पिशव्या भरून ठेवा. वीज गेली तरी फ्रीजर सारखा उघडला नाही तर दाणे बराच वेळ कडक राहतात.