‘शुद्ध चिनी जडीबुटी’ म्हणून विकलेल्या गोळ्यांत स्टेरॉइड निघालं

सिंगापूरमध्ये राहणाऱ्या आणि पाळी जाण्याच्या वयात आलेल्या बायकांसाठी हे मुद्दाम लिहितेय. इथून भारतातल्या नणंदा-जावांसाठी चिनी औषधं नेणाऱ्यांनीही वाचा.

माझी पाळी मागेपुढे व्हायला लागली तेव्हा अंगातून वाफा निघायच्या, रात्री घामाने गाऊन भिजायचा आणि सकाळी बोटं इतकी आखडलेली असायची की डब्याचं झाकण उघडायचं नाही. आईला स्तनाचा कर्करोग झाला होता, त्यामुळे हॉर्मोनच्या गोळ्यांची मला धास्ती होती. ओळखीतून एका चिनी औषधवाल्या बाईंचा पत्ता मिळाला. चायनाटाउनजवळच्या इमारतीत वरच्या मजल्यावर खोली, भिंतभर लाकडी खण. सगळे त्यांना आंटी म्हणायचे.

आंटींनी जीभ बघितली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली. म्हणाल्या, "जीभ लाल आहे, वर थर नाही. किडनीचं यिन आटलंय." (यिन म्हणजे शरीर गार ठेवणारं तत्त्व, यांग म्हणजे ऊब देणारं.) चिनी वैद्यकात बाईचं आयुष्य सात-सात वर्षांच्या टप्प्यांत मोजतात आणि साती साती 49 ला पाळी जाते, हेही समजावलं. चिनी वैद्यकात हे सगळं खरंच असं मानतात. इथला नोंदणीकृत चिनी वैद्य, ज्याला सिनसे म्हणतात, तोही असंच तपासतो आणि असंच सांगतो. म्हणूनच संशय येत नाही.

बाटली मात्र साधी पांढरी प्लॅस्टिकची. सोनेरी चिनी अक्षरांचं एक स्टिकर, बाकी कारखान्याचं नाव नाही, बॅच नंबर नाही, मुदत नाही. "आमच्या घराण्यातलं औषध आहे," म्हणाल्या. एक 180 डॉलरला, तीन घेतल्या तर 450. नाशिकच्या वहिनीसाठीही न्याच, असा आग्रह.

दोन-चार दिवसांतच बोटं मोकळी झाली. भूक वाढली, अंगात जोर आला. वाफा होत्या तशाच. विचारलं तर उत्तर तयार: "आधी मूळ भरतं, मग उष्णता उतरते." झोप उडाली, तर "यांग जागा होतोय." गणपतीत सगळ्या म्हणाल्या, चेहरा छान भरलाय. जरा कुठे धक्का लागला की दंडावर काळेनिळे डाग उठायचे. रक्तातली साखर वाढलेली निघाली.

मग गोळ्या संपल्या आणि आंटी गावाला गेलेल्या. उलट्या सुरू झाल्या, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. नवऱ्याने इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी माझा गोल चेहरा पाहिला आणि आधी हेच विचारलं, बाहेरच्या कुठल्या गोळ्या घेताय का? तपासणीत त्यांत डेक्सामेथासोन सापडलं. हे जोरदार स्टेरॉइड सांध्यांची सूज झटकन उतरवतं; वाढलेली भूक, गोल चेहरा, डाग आणि साखर हेही त्याचेच परिणाम. पण ते बाहेरून मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल हे शरीराला लागणारं हॉर्मोन स्वतः बनवणं थांबवतात. गोळी एकदम बंद झाली की शरीराकडे काहीच उरत नाही. यात जीवही जाऊ शकतो. मला दुसरं स्टेरॉइड सुरू करून महिनोन्‌महिने हळूहळू कमी करावं लागलं.

मी चिनी वैद्यकाच्या विरोधात नाही. पण खरी वनस्पती सहसा इतक्या झपाट्याने काम करत नाही. बायकांची मुळी म्हणून नावाजलेली दांग गुई घ्या. अमेरिकेत 71 बायकांवर 24 आठवडे ती तपासली गेली, 1997 मध्ये निष्कर्ष छापून आले. नुसत्या दांग गुईने वाफा, तुलनेसाठी दिलेल्या औषध नसलेल्या गोळीपेक्षा जास्त कमी झाल्या नाहीत. चिनी वैद्य ती सहसा एकटी देत नाहीत, हेही खरं. आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊच नये.

इथे 2000 च्या कायद्यानुसार चिनी वैद्यांची नोंदणी होते, मंडळाच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. आंटींचं नाव तिथे नव्हतं. तयार चिनी औषधंही आरोग्य विज्ञान प्राधिकरणाच्या यादीत असावी लागतात. लपवलेल्या स्टेरॉइडबद्दल प्राधिकरणाने वारंवार इशारे दिलेत. मी तिथे तक्रार केली आहे. पैसे परत मिळालेले नाहीत.

अशी बिननावाची बाटली तुमच्या घरात असेल आणि कुणी त्या गोळ्या घेत असेल, तर घाबरून एकदम बंद करू नका. बाटली फेकू नका. आजच ती घेऊन डॉक्टरांकडे जा आणि किती दिवस घेताय ते स्पष्ट सांगा.